डायटिस की वॉकिंग आयरिस: लावलेलं अंतर कुणाचं टिकतं?

बेळगावकडच्या बागेत आयरिसच्या घराण्यातलं काही लावायचं, तर दाढीवाल्या आयरिसचा (बिअर्डेड आयरिस) विषय आधी मिटवू. त्याचा कंद अर्धा मातीबाहेर, उन्हात तापत राहावा लागतो आणि फुलायला कडाक्याची थंडी लागते. बेळगावची डिसेंबरातली थंडी त्याला पुरत नाही, आणि खानापूरकडच्या पावसात तर कंद कुजून वास मारायला लागतो. त्यामुळे खरी निवड उरते ती दोघांत: ब्राझीलकडची निओमारिका, म्हणजे नर्सरीतला वॉकिंग आयरिस, आणि आफ्रिकेतला डायटिस. फार न टिकणाऱ्या फुलांची हौस असेल तरच यांच्या वाटेला जावं. देवाला आणि फुलदाणीला दोन्ही निरुपयोगी.

जागेनंच निम्मा निकाल लागतो. आंब्या-नारळाखाली, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात निओमारिका खुलते. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर तिची पानं टोकापासून करपतात. डायटिसला निदान पाच-सहा तास ऊन हवं, सावलीत नुसता पाला वाढतो. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत पाणी लवकर उतरतं, तिथं दोन्ही चालतात. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत मात्र वाफा वीतभर उंच करून शेणखताबरोबर वाळू नाहीतर बारीक मुरूम मिसळावा. नाहीतर श्रावणात डायटिसचं बूड पिवळं पडतं.

दोन पाऊस होऊन माती मुरली की लावणी करावी. फुटव्याचं बूड मातीला टेकेल आणि मुळं झाकली जातील एवढंच खोल. पानांचा पंखा जिथून सुटतो तो सांधा गाडला की कूज ठरलेली. डायटिसला दोन फूट अंतर द्यावं, वाटेच्या कडेपासूनही दोन फूट, कारण पानं कमानीसारखी बाहेर पडतात. दहा फुटी वाफ्यात पाच रोपं. निओमारिकेला दीड फूट पुरतं, म्हणजे तेवढ्यात सात. पहिल्या वर्षी वाफा ओका दिसतो. मधे झेंडू लावा, पण अंतर कमी करू नका.

आता निर्णायक मुद्दा. निओमारिकेचा फुलाचा दांडा पानासारखाच चपटा. त्याच्या टोकाजवळच्या पेरावर फुलं येतात आणि तिथंच पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, धरतं. पिल्लाच्या वजनानं दांडा दीड-दोन फुटांवर टेकतो आणि पावसाळ्यात लगेच रुजतो. दीड फुटाचं अंतर दुसऱ्या पावसाळ्यात शोधून सापडत नाही. दाटीत वारा खेळत नाही, गोगलगाई तळ ठोकतात, आतली पानं सडतात. दांडा छाटावा तर त्याच पेरावर पुढं येणारी फुलं जातात. ठेवावा तर प्रत्येकाला कामटीचा टेकू. पाऊस सुरू असताना चिखलात वाकून दांडा-दांडा पाहत बसणं, एवढ्या एकाच कटकटीपायी माझा कौल डायटिसकडे जातो.

डायटिस जागा सोडत नाही. त्याचीही खोड आहे, नाही असं नाही: जुना गड्डा काढायला खुरपं पुरत नाही, पहार लागते, आणि फोडून लावल्यावर तो बराच काळ रुसतो. म्हणून तीन-चार वर्षांनी मधला भाग सुकायला लागल्यावरच फोडावा, आणि एका तुकड्यात चार-पाच पंखे तरी ठेवावेत. पांढऱ्या डायटिसचे हिरवे दांडे फूल सुकलं म्हणून कापू नयेत, त्यांच्यावर पुन्हा कळ्या येतात. पिवळ्याचे, म्हणजे तपकिरी ठिपक्यांच्या जातीचे, वाळले की बुडातून काढावेत.

परसात सगळीच सावली असेल तर हा हिशोब उलटा होईल, तिथं निओमारिकेला तोड नाही. तिच्या फुलाला मंद वासही असतो, जो डायटिसला नाही. ऊन असूनही तिचा मोह सुटत नसेल तर एकच रोप पडवीत टांगत्या कुंडीत ठेवा. पिल्लं हवेत लोंबत राहतात, रुजायला त्यांना माती मिळत नाही.