सदस्य सगळे सापडतात, कचेरी सापडत नाही: अमेरिकी काँग्रेसची चरित्रसूची काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद: वरचं सभागृह सिनेट, खालचं प्रतिनिधीगृह, आणि दर दोन वर्षांच्या मुदतीला एक क्रमांक. पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे ४ मार्च १७८९ ते ३ मार्च १७९१ या काळात, कोण कोण बसलं होतं हे जाणून घ्यायचं असेल तर काँग्रेसची अधिकृत चरित्रसूची हे पहिलं ठिकाण. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नोंदणी करावी लागत नाही. पण सभागृह चालवलं कोणी, असा तुमचा प्रश्न असेल तर ती अर्ध्या वाटेवर सोडून देते. माझा प्रश्न नेमका तोच होता.

माझी नोकरी महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात झाली. कार्यक्रमपत्रिका काढायची, हजेरी घ्यायची, इतिवृत्त लिहायचं, कोरम मोजायचा. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा एकच कुतूहल होतं: अगदी नवं विधिमंडळ सुरू होतं, मागचा दाखला नाही, नियमपुस्तिका नाही, तेव्हा कचेरी कोण मांडतं? जगातल्या जुन्या लेखी संविधानांपैकी एकाखाली भरलेली पहिली सभा म्हणून मी १७८९चं न्यूयॉर्क निवडलं.

सूचीबद्दल थोडं. चार्ल्स लॅनमन नावाच्या लेखकाने १८५९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर काँग्रेस सदस्यांचा कोश काढला. तिथून ही परंपरा सुरू झाली. पुढे ते काम सरकारी झालं आणि १७७४च्या काँटिनेंटल काँग्रेसपासूनचे (ही संविधानाआधीची सभा) प्रतिनिधी त्यात आले. १९९८ पासून सूची इंटरनेटवर आहे. २००५ची दोन हजारांहून जास्त पानांची छापील आवृत्ती पीडीएफ रूपात उतरवून घेता येते. मी दोन्ही वापरते आणि नव्या माणसालाही दोन्ही वापरायला सांगेन, कारण दोघींचे उपयोग वेगळे आहेत.

संकेतस्थळावर नाव, राज्य, पद किंवा काँग्रेसचा क्रमांक देऊन शोधता येतं. प्रत्येक माणसाला एक इंग्रजी अक्षर आणि सहा आकडे असा कायमचा क्रमांक आहे. ही सोय किती मोठी हे एकाच आडनावाची माणसं शोधताना कळतं. पहिल्या काँग्रेसमध्येच पेनसिल्व्हेनियातून दोन म्युलेनबर्ग आले होते, सख्खे भाऊ. धाकटे फ्रेडरिक स्पीकर झाले. थोरले पीटर स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी. पुढच्या पिढ्यांतही म्युलेनबर्ग निवडून येत राहिले. क्रमांक नसता तर घोळच होता.

नोंदींची शैली एकदा अंगवळणी पडली की भराभर वाचता येते. अख्खं आयुष्य एका लांबलचक वाक्यात, अर्धविरामांनी जोडलेलं. जन्म कुठे, शिक्षण कुठे, धंदा काय, पदं कोणती, मृत्यू कुठे, आणि शेवटी न चुकता दफन कुठे. फ्रेडरिक म्युलेनबर्ग यांचंच घ्या: १७५० साली पेनसिल्व्हेनियात जन्म, जर्मनीतल्या हाल इथे शिक्षण, १७७० मध्ये ल्युथरन पाद्री, काँटिनेंटल काँग्रेसचे प्रतिनिधी, राज्याच्या सभागृहाचे स्पीकर, संविधानाला मान्यता देणाऱ्या राज्य परिषदेचे अध्यक्ष, मग पहिल्या प्रतिनिधीगृहाचे स्पीकर, १८०१ मध्ये लँकेस्टरला मृत्यू. पाद्रीबुवा स्पीकरच्या खुर्चीत कसे पोचले, हे मात्र त्या वाक्यात नाही. नवीन माणूस नव्हता तो, राज्याचं सभागृह चालवून आलेला होता. ही गोष्ट तारखा शेजारी शेजारी ठेवून आपणच ओळखायची.

सूचीचा खरा आनंद मला रिकाम्या झालेल्या जागांचा माग काढताना मिळाला. व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ग्रेसन १२ मार्च १७९० रोजी वारले. पदावर असताना निधन झालेले ते पहिले सिनेटर. त्यांच्या नोंदीतून जॉन वॉकर यांच्याकडे जा, ते तात्पुरते नेमलेले. वॉकर यांच्यानंतर कोण, तर जेम्स मन्रो. आता मन्रोंचा मागचा हिशेब बघा: १७८९च्या फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहाच्या जागेसाठी ते जेम्स मॅडिसन यांच्याविरुद्ध उभे राहून पडले होते. म्हणजे खालच्या सभागृहाच्या निवडणुकीत हरलेला माणूस दोन वर्षांच्या आत वरच्या सभागृहात. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मन्रो आणि मॅडिसन दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. व्हर्जिनियाचेच थिओडोरिक ब्लँड १ जून १७९० रोजी वारले, ते पदावर निधन झालेले प्रतिनिधीगृहाचे पहिले सदस्य. त्यांच्या जागी विल्यम जाइल्स. एका राज्याच्या एवढ्या भानगडी चार-पाच नोंदींतून उलगडतात.

आता छापील आवृत्ती. तिच्यात प्रत्येक काँग्रेसच्या सुरुवातीला अधिवेशनाच्या तारखा, जागा, अधिकारी आणि राज्यवार सदस्य असं एकत्र पान येतं, खाली तळटिपांसह. माझ्या कामाचं सोनं तिथे होतं. पहिली दोन अधिवेशनं न्यूयॉर्कमध्ये, तिसरं डिसेंबर १७९० पासून फिलाडेल्फियात. संविधानाने प्रतिनिधीगृहाला ६५ जागा ठरवून दिल्या होत्या, पण सुरुवातीला भरायच्या होत्या ५९च, कारण नॉर्थ कॅरोलायना (५ जागा) आणि ऱ्होड आयलंड (१ जागा) यांनी संविधान अजून मान्य केलेलं नव्हतं. पहिलं राज्य नोव्हेंबर १७८९ मध्ये आलं, दुसरं मे १७९० मध्ये. सिनेटमध्ये आधी २२ जागा, शेवटी २६. त्यातही न्यूयॉर्कच्या विधिमंडळातल्या भांडणामुळे त्या राज्याचे दोन्ही सिनेटर जुलै उजाडेपर्यंत आलेच नाहीत. आणि सभा तर त्यांच्याच शहरात भरलेली!

कोणी कधी जागा घेतली, हे तळटिपांत दिलेलं असतं. त्या वाचताना मला अगदी घरी असल्यासारखं वाटलं. ४ मार्चला प्रतिनिधीगृहात १३ जण आणि सिनेटमध्ये ८ जण हजर. कोरम नाही, सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी तेच. सिनेटने ११ मार्चला गैरहजर सभासदांना पत्रं लिहिली, १८ मार्चला पुन्हा लिहिली. स्मरणपत्र क्रमांक दोन! रस्ते खराब, नद्या ओलांडायच्या, काही राज्यांत निवडणुकाच उशिरा झालेल्या. शेवटी १ एप्रिलला प्रतिनिधीगृहाचे ३० सदस्य झाले आणि ६ एप्रिलला रिचर्ड हेन्री ली आल्यावर सिनेटचे १२. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची मतं मोजली. ती मोजायला उपराष्ट्राध्यक्ष नव्हताच, कारण तो त्याच मोजणीतून ठरायचा होता. म्हणून न्यू हॅम्पशरचे जॉन लँग्डन यांना सिनेटचे हंगामी अध्यक्ष निवडलं. उपराष्ट्राध्यक्ष ठरलेले जॉन ॲडम्स येऊन सिनेटच्या खुर्चीत बसले ते २१ एप्रिलला.

मग येतात अधिकारी. प्रतिनिधीगृह: क्लार्क, म्हणजे सभागृहाचं दप्तर सांभाळणारा, जॉन बेकली, व्हर्जिनिया. सार्जंट-ॲट-आर्म्स जोसेफ व्हीटन, ऱ्होड आयलंड. द्वारपाल गिफर्ड डॅली. सिनेट: सचिव सॅम्युएल ॲलिन ओटिस, मॅसॅच्युसेट्स. द्वारपाल जेम्स मॅथर्स, न्यूयॉर्क. नाव, राज्य, निवडीची तारीख. संपलं.

व्हीटन यांच्या नावापाशी मी थबकले. १२ मे १७८९ रोजी त्यांची निवड झाली, तेव्हा त्यांचं राज्य संघराज्यात सामीलच नव्हतं. ज्या राज्याचा एकही सदस्य सभागृहात नाही, त्या राज्याचा माणूस सभागृहातली शिस्त राखणार. याबद्दल आणखी वाचावं म्हणून संकेतस्थळावर नाव घातलं, तर नोंदच नाही. बेकली? नाही. मॅथर्स? नाही. डॅली? नाही. ओटिस मात्र सापडतात. का, तर ते आधी काँटिनेंटल काँग्रेसचे प्रतिनिधी होते म्हणून. सूचीचा नियम सरळ आहे: सदस्य असाल तर नोंद, नसाल तर नाही. नियम म्हणून बरोबर असेल, पण त्याचा परिणाम बघा. चार-दोन महिने जागा उबवून गेलेल्या सभासदाची दफनभूमीसुद्धा नोंदवलेली आहे आणि सभागृहाचं पहिलं दप्तर ज्याने बांधलं, त्याचा जन्मही नाही.

आणि माणसं तर अशी की विचारू नका. बेकली इंग्लंडमध्ये जन्मलेला. अकराएक वर्षांचा असताना व्हर्जिनियातल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाकडे लेखनिक म्हणून करारावर आणलेला पोरगा. तिथून चढत चढत १ एप्रिल १७८९ रोजी, म्हणजे स्पीकर निवडला त्याच दिवशी, प्रतिनिधीगृहाचा क्लार्क. १७९७ मध्ये राजकारण तापलं आणि एका मताने पद गेलं. १८०१ मध्ये पुन्हा आला, आणि १८०२ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपालही झाला. ओटिस १७८९च्या एप्रिलमध्ये सचिव झाले ते १८१४ मध्ये मरेपर्यंत सचिवच. वॉशिंग्टन यांच्या शपथविधीला, ३० एप्रिलला, बायबल धरून उभे होते ते हेच. आयर्लंडहून आलेले मॅथर्स आधीच्या काँग्रेसचीही दारं सांभाळत होते. सिनेटची बैठक तेव्हा बंद दाराआड चाले, त्यामुळे दाराशी कोण आहे याला महत्त्व होतं. आणि थंडीत शेकोटीची लाकडं पुरवणंही त्यांच्याचकडे. हे सगळं मला इतर ठिकाणांहून गोळा करावं लागलं. दोन्ही सभागृहांची इतिहास सांगणारी स्वतंत्र सरकारी संकेतस्थळं आहेत, तिथे अधिकाऱ्यांच्या याद्या आणि थोडीफार चरित्रं मिळतात. मूळ इतिवृत्तं काँग्रेसच्या ग्रंथालयाने मोफत ठेवलेली आहेत.

पगाराचे आकडे सूचीत नाहीत, ते १७८९च्या कायद्यात बघावे लागतात. सदस्याला दिवसाला ६ डॉलर, स्पीकरला १२. सचिव आणि क्लार्क यांना वर्षाला १५०० आणि अधिवेशनात वर रोजचे २. सार्जंटला दिवसाला ४, द्वारपालाला ३. सदस्याच्या निम्मं द्वारपालाला. हे प्रमाण आमच्याकडे कधी नव्हतं, असो.

दोन गोष्टी वापरताना मनात ठेवा. पहिली, पक्ष. त्या काळच्या सदस्यांपुढे ‘प्रशासनसमर्थक’ किंवा ‘प्रशासनविरोधी’ असे शब्द दिसतील. १७८९ मध्ये पक्ष नव्हते. ही लेबलं नंतरच्या इतिहासकारांनी मतदानावरून लावलेली. अशा याद्यांत मॅडिसन विरोधी गटात पडतात, आणि वॉशिंग्टन यांचं शपथविधीचं भाषण लिहून दिलं मॅडिसन यांनीच. त्याला प्रतिनिधीगृहाने दिलेलं उत्तरही त्यांचंच. पक्षाच्या गाळणीवर भिस्त ठेवून पहिल्या काँग्रेसबद्दल लिहायला बसू नका. दुसरी, दक्षिणेकडच्या सदस्यांपुढे धंदा म्हणून येणारं ‘मळेवाला’ हे पद. ऐकायला शेतीवाडीसारखं वाटतं. त्या मळ्यांत राबणारी माणसं गुलाम होती, हे त्या शब्दात दिसत नाही.

कोरड्या नोंदींवर उतारा हवा असेल तर पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांची रोजनिशी शेजारी ठेवा. पहिल्या सिनेटरांपैकी कोणाची मुदत किती, दोन, चार की सहा वर्षं, हे मे १७८९ मध्ये चिठ्ठ्या टाकून ठरलं आणि मॅक्ले यांच्या वाट्याला दोनच वर्षं आली. बंद दाराआड काय चाललं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. राष्ट्राध्यक्षांना कोणती लांबलचक पदवी लावायची यावर ॲडम्स यांनी किती दिवस घालवले, ते त्यांनी मनापासून वैतागून लिहिलं आहे.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुन्या आवृत्तीची ‘मागणीनुसार छापलेली’ प्रतही मी मागवली होती. अक्षरं पुसट, काही पानं कापलेली आणि तळटिपा कडेला अर्ध्या गेलेल्या. तळटिपाच नसतील तर ते पुस्तक घेऊन करायचं काय? परत केलं. मोफत पीडीएफ संगणकावर उघडा, मोबाइलवर नको, फार जड आहे. आणि हव्या त्या काँग्रेसची पानं वेगळी छापून घ्या. पहिल्या काँग्रेसची पानं मोजकीच आहेत.

मराठी वाचकासाठी एक गंमत. त्याच शोधचौकटीत ठाणेदार हे आडनाव घालून बघा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी आहेत, त्यामुळे म्युलेनबर्ग, मॅडिसन यांच्यासारखंच त्यांनाही एक अक्षर आणि सहा आकडे मिळालेले आहेत. बेकलीला अजून नाहीत.