काशाची वाटी घ्यायची तर बिनमुठीची घ्या

तळपायाला घासायला काशाची वाटी घ्यायची असेल तर साधी घ्या. बिनमुठीची, घडीव, बुडाला गोल आणि हाताला जड. इंदूरच्या बाजारात आज एकाच नावाखाली तीन वस्तू विकल्या जातात: जुन्या घाटाची वाटी, लाकडी मुठीची वाटी आणि पाय ठेवून बसायचं विजेचं यंत्र. तिन्हींनी तेच काम होतं असं दुकानदार सांगतो. तेवढं मनावर घेऊ नका.

त्याआधी घरातली माळ्यावरची पेटी उघडून बघा. रामबाग, लोकमान्यनगरातल्या जुन्या मराठी घरांत ठोक्यांनी नाव घातलेली एखादी वाटी सापडतेच. ती काळवंडली असली तरी बाजारातल्या नव्या चकचकीत वाटीपेक्षा बहुधा सरस असते. चिंचेने घासा, धुवा, कोरडी करा, झालं.

नवी घ्यायची तर राजवाड्याजवळचा बर्तन बाजार. गाडी लांब कुठेतरी लावून चालत जा. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. त्या गर्दीत कोणी वाटी वाजवून बघू देत नाही, आणि वाजवली तरी ऐकू येत नाही.

वाजवून बघणं हीच मुख्य परीक्षा. कासं म्हणजे तांबं आणि कथील; चांगल्या काशात तांबं ७८ टक्क्यांच्या आसपास आणि कथील २२. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पूजेच्या घंटेचा नाद लांबतो तो कथिलामुळे. वाटी तळहातावर ठेवून वाजवली तर हातच नाद खाऊन टाकतो. म्हणून ती तीन बोटांच्या टोकांवर बुडाकडून तोलून धरा आणि काठावर लाकडी डावाने हलकेच टिचका मारा. काशाचा नाद स्वच्छ उठतो, काही सेकंद रेंगाळतो आणि हळूहळू विरतो. पितळ टणकन वाजून गप्प होतं. आवाज बद्द आला तर धातू खरा असला तरी कुठेतरी तडा आहे. काठाजवळ उजेडात फिरवून बघा, केसासारखी रेघ दिसेल.

मुठीची वाटी इथेच नापास होते. मूठ लावली की नाद दबतो, म्हणजे ओळखायची सगळ्यात सोपी खूणच हातातून जाते. शिवाय मूठ खिळ्यावर किंवा डिंकावर बसवलेली असते. रोजचं तेल त्या सांध्यात मुरतं, धुताना पाणी शिरतं, लाकूड फुगतं आणि आकसतं, आणि काही महिन्यांत मूठ खुळखुळायला लागते. दाब द्यायला मूठ बरी वाटते खरी, पण तळपायाच्या खोलगट भागात बोटांनी धरलेली वाटी जशी वळते तशी मुठीची वळत नाही.

लोहचुंबकाने फक्त आत लोखंड नाही एवढंच कळतं, कारण कासंही चिकटत नाही आणि पितळही नाही. रंगाने थोडं ओळखू येतं: पितळ पिवळंधमक, कासं त्यापेक्षा फिकट, किंचित तांबूस-राखाडी झाक असलेलं. पण पॉलिश आणि वरून वार्निशचा हात असला की रंगाचा भरवसा नाही. असा थर असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेला कापूस फिरवून तो उतरवा, वाटी साबणाने धुवा आणि मगच पायाला लावा. नाहीतर पहिल्या आठवड्यात त्याचे पापुद्रे तेलात येतात.

आता भाव. नगाचा विचारू नका, किलोचा विचारा आणि वाटी समोर काट्यावर ठेवायला सांगा. बाजारात जस्त तांब्याच्या साधारण एक-तृतीयांश भावाला पडतं, आणि कथील तांब्याच्या तिपटीच्या आसपास. म्हणजे काशाचा कच्चा मालच पितळेपेक्षा बराच महाग. कोणी पितळेच्या भावात कासं देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये, पितळ विकतोय. ‘फूल’ हा शब्द ऐकून गोंधळू नका, हिंदी मुलखात काशालाच फूल म्हणतात. पंचधातू, सप्तधातू असं काही सांगायला लागला की तिथून निघावं. मोडीतून ओतलेल्या भेसळीला अशी भारदस्त नावं फार पटकन चिकटतात.

वजन दोनशे ते तीनशे ग्रॅम असावं. त्याहून हलकी वाटी हाताने दाबावी लागते आणि मनगट दुखतं. जड वाटी आपल्या वजनाने निम्मं काम करते. तोंडाचा व्यास आठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे तळहातात मावेल इतका. बूड उलटं करून बोट फिरवा. जेवणाच्या वाट्यांना खाली बसकी कड असते, ती तळपायाला ओरखडे काढते. आपल्याला बूड पूर्ण गोल हवं.

घडीव की ओतीव, हे बुडावरच्या ठोक्यांवरून कळतं. इतकं कथील असलेला धातू सावकाश थंड झाला तर ठिसूळ होतो, म्हणून कारागीर वाटी लाल तापवून ठोकतात आणि तापलेली असतानाच पाण्यात बुडवतात. ओतीव वाटी या वाटेने आलेली नसते, आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. त्यांत तेल साचून खवट होतं. तरी घडीव वाटीसुद्धा फरशीवर पडली तर तडकू शकते. बाथरूममध्ये ओल्या हाताने धरायची वस्तूच नाही ही.

वापरायची रीत सोपी आहे, पण घाईत बिघडते. पाय कोमट पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. बेचकीत ओल ठेवून वर तेल लावलं की चिखल्यांना आयतं आमंत्रण. एका तळपायाला तेल अर्धा छोटा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिली. जास्त घेतलं तर वाटी नुसती घसरत राहते, कमी घेतलं तर कातडी ओढली जाते. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. पलंगावर वाकून बसलात तर पायाला आराम आणि कंबरेला शिक्षा.

वाटीच्या आत अंगठा, बाहेर चार बोटं, बूड तळपायावर. आधी टाचेपासून बोटांकडे लांब हात सात-आठ वेळा, नुसतं तेल पसरण्यापुरते. मग खोलगट भागात रुपयाएवढे गोल, दाब वाढवत. टाचेवर दाब जास्त चालतो, चवड्याच्या हाडांवर कमी. शेवटी घोट्याभोवती हलक्या हाताने. एका पायाला पाच ते सात मिनिटं पुरेत. वीस मिनिटं घासून दुप्पट गुण येत नाही, कातडी मात्र हुळहुळी होते. काठाने टाचेच्या भेगा खरवडायचा मोह होतो, तो आवरा. भेगांना कोमट पाणी, वज्री आणि मलम लागतं, वाटी त्यांचं काही करत नाही. भेग उघडी असेल, रक्त येत असेल तर तेवढे दिवस वाटी बंद.

गुडघे वाकत नसतील तर ओला टॉवेल घडी करून जमिनीवर टाका, त्यावर वाटी उपडी ठेवा आणि खुर्चीत बसल्या बसल्या तळपाय तिच्यावर फिरवा. ओल्या टॉवेलवर ती सरकत नाही. उभं राहून मात्र तिच्यावर भार टाकू नका.

तेल कोणतं? बारा महिने चालणारं म्हणजे तिळाचं. खोबरेल उन्हाळ्यात छान, पण ते चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत रात्री ते बाटलीतून बाहेरच येत नाही. एरंडेल दाट, वाटी अडकत अडकत चालते. घरचं साजूक तूप सगळ्यात मऊ लागतं, पण वास, मुंग्या आणि चादरीवरचे डाग हे त्याच्या जोडीनेच येतात. थंडीत वाटीही गार असते. मिनिटभर गरम पाण्यात ठेवून पुसून घेतली की अंगावर काटा येत नाही. मे महिन्यात उलट करा. धातू उष्णता पटकन वाहून नेतो म्हणून पहिल्या स्पर्शाला गारवा लागतो, पण चार मिनिटांत वाटी पायाइतकीच गरम होते. माठातल्या पाण्यात बुडवून पुसली की पुन्हा गार.

आणि आता ते प्रसिद्ध काळं. घासता घासता तळपाय काळाकुट्ट होतो, आणि ‘बघा, अंगातली उष्णता निघाली’ असं सांगून वाटी विकली जाते. एक पांढरं सुती फडकं घ्या, त्यावर तेलाचे चार थेंब टाका आणि त्याच वाटीने दहा मिनिटं जोरात घासा. फडकंही काळं होतं, आणि फडक्याला काही उष्णतेचा त्रास नव्हता. तो रंग धातूचाच आहे: घर्षणाने निघालेले बारीक कण आणि तेलातल्या आम्लांशी, घामाशी झालेली त्यांची क्रिया. म्हणून जुनं खवट तेल असेल किंवा वाटी नुकतीच लिंबाने घासून उघडी केली असेल तर काळं जास्त येतं. कमी आलं म्हणून निराश व्हायचं कारण नाही, जास्त आलं म्हणून खूश व्हायचंही नाही. पाय हलके वाटतात ते चोळण्याने, दाबाने आणि दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून एका जागी बसल्याने. वाटीचं श्रेय एवढंच की हातापेक्षा ती न थकता एकसारखा दाब देते.

काळं काढायला चमचाभर बेसन पायावर कोरडंच चोळा, ते तेल आणि रंग दोन्ही उचलतं. मग ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या पाण्याने धुवायला गेलात तर काळं बाथरूमभर. यानंतर जुने सुती मोजे घालायचेच. सगळ्यात जास्त घात होतो तो इथे: तेलकट पाय, गुळगुळीत टाइल्स, आणि रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस. घरात म्हातारी माणसं असतील तर सगळं त्यांच्या पलंगापाशीच उरका.

मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर जोराने घासू नका, सोललेलं कळत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर मालिश नाही, आधी डॉक्टर.

यंत्राबद्दल थोडक्यात. काशाची थाळी मोटरवर फिरते, आपण पाय ठेवून बसायचं. ज्यांना वाकता येत नाही आणि घरात चोळून द्यायला कोणी नाही, त्यांना अधूनमधून ठीक. पण दाब कुठे कमी, कुठे जास्त हे यंत्राला कळत नाही. चवड्याचं हाड आणि टाच त्याला सारखीच. बाहेर जाऊन हे करून घेत असाल तर आधीच्या गिऱ्हाइकानंतर थाळी साबण आणि गरम पाण्याने धुतली जाते की नुसती टिश्यूने पुसली जाते, ते डोळ्यांनी बघा. नुसत्या पुसण्याने बुरशीचा संसर्ग एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचा थांबत नाही. घरी यंत्र घ्यायच्या पैशांत बहुधा दोन-तीन उत्तम वाट्या येतात.

देखभाल काहीच नाही. रोज कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, पंधरा दिवसांनी साबणाने धुवा. चिंच-लिंबू फक्त चमक हवी असेल तेव्हा. पायाची वाटी वेगळी ओळखू यावी म्हणून बुडाला खूण करा, नाहीतर एखाद्या दिवशी ती श्रीखंडाला वाढली जाते. आणि कधी हातून पडून तडकलीच तर फेकू नका. कासं मोडीतही चांगल्या भावाने जातं. पण बाजारात जाण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून घ्या आणि दुकानदार ती पितळेच्या ढिगात टाकायला लागला तर हात धरा.