जमिनीत कॅडमियम निघालं: चुना टाकावा, झाडं लावावीत की माती बदलावी?

माती तपासणीच्या अहवालात कॅडमियमसारखे विषारी जड धातू जास्त आले की हे तीन सल्ले हमखास मिळतात. धातू कुजत नाहीत, त्यामुळे ते मातीत बांधून ठेवायचे किंवा बाहेर काढायचे, एवढंच हातात असतं. दूषित पाणी किंवा गाळ येतच असेल, तर आधी तो बंद करा.

कॅडमियम असेल आणि जमीन आम्ल असेल, तर माझं मत चुन्याला. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे याचं माप; आम्लता कमी झाली की तो चढतो) 6.5 च्या आसपास नेला की कॅडमियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं आणि मुळांना कमी मिळतं. पण हात सैल सोडू नका. सामू फार चढला की जस्त मिळेनासं होतं, आणि जस्ताची कमतरता असलेलं पीक कॅडमियम जास्त उचलतं! शिवाय जमीन पुन्हा आम्ल होते, म्हणून दर काही वर्षांनी तपासणी आलीच. आर्सेनिकचं गणित मात्र उलटं: सामू वाढला की ते मोकळं होऊ शकतं. अहवालात धातू कोणता आहे हे न बघता चुना ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

झाडांचा उपाय ऐकायला सगळ्यात गोड. टेरिस विटाटा हे नेचं आर्सेनिक भरपूर साठवतं, हे 2001 मध्ये जगासमोर आलं. पण अशा वनस्पतींना वर्षानुवर्षं लागतात, तेवढा काळ शेत अडकतं, आणि कापलेला पाला शेतातच कुजला तर धातू परत मातीत. पोट शेतीवर असेल तर हा मार्ग धरू नका.

माती बदलणं खात्रीचं, पण खर्चिक. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यातली कॅडमियमग्रस्त भातशेती अशीच सुधारली. त्याला तीन दशकांहून जास्त काळ लागला. परसबागेचा तुकडा असेल तर जरूर करा.

चौथा पर्याय फारसं कुणी सुचवत नाही: पीक बदला. पालक, लेट्यूस पानांत कॅडमियम साठवतात; काकडी, भोपळा, शेंगभाज्यांच्या फळांत ते कमी उतरतं. शिसं बहुतेक मुळांतच अडकतं, पानांवर येतं ते धुळीतून, म्हणून तिथे धुणं कामी येतं. कॅडमियम धुऊन जात नाही. भाताची गोची वेगळीच: पाणी साचवलं तर आर्सेनिक वाढतं, शेत सुकू दिलं तर कॅडमियम. दोन्ही असतील तर पाण्याच्या पाळ्या ठरवण्याआधी दाणेच तपासून घ्या.