लोणार: काठाला उतरावं की गावातलं दैत्यसूदन बघावं?

लोणारला अर्धाच दिवस हाताशी असेल, तर उल्कापाताने झालेल्या विवराच्या तळाशी, सरोवराच्या काठावरची देवळं आणि गावातलं दैत्यसूदन हे देऊळ, दोन्ही निवांत होत नाहीत. एकाला झुकतं माप द्यावंच लागतं.

बहुतेकांचा ओढा काठाकडे असतो आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. गोमुखाची गोड्या पाण्याची बारमाही धार सोडून पायवाटेने उतरू लागलं की झाडी दाटते, मोर ओरडतात, गावाचा आवाज मागे पडतो. तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. 2020 साली गुलाबी झालेलं ते हेच, आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा अशी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. कमळजादेवीच्या देवळात आजही पूजाअर्चा चालते, तिथे टेकायला फार बरं वाटतं.

खटकतात ती बाकीची, पडझड झालेली देवळं. आत पाऊल टाकलं की वटवाघळांच्या विष्ठेचा दर्प थेट घशात जातो. नाकाला रुमाल लावून मान वर करावी, तर डोक्यावर फडफड सुरू होते. कोरीवकाम समोर असूनही तिथे थांबवत नाही. मला देवळात रेंगाळायला आवडतं, त्यामुळे माझा कौल इथेच फिरला. एखाद्याला त्याचं काही वाटणारही नाही. परतीचा चढ उन्हात अंगावर येतो, तो वेगळाच.

दैत्यसूदनला मात्र रेंगाळता येतं. उंच जोत्यावरचं हे ताराकृती देऊळ लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं. बाहेरच्या भिंतीला इतके कोन पडलेत की दोन पावलं सरकलं तरी सावल्या बदलतात, नवी मूर्ती पुढे येते. आत अंधार आहे, पण बॅटरीचा झोत तिरका टाकला की छतावर हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह स्पष्ट दिसतो. झोत सरळ मारला तर सगळं सपाट होतं. या एका छतासाठी मी सरोवराचा काठ सोडीन.

हिवाळ्यातली सकाळ असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर उतरा जरूर. घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील किंवा ऊन चढलं असेल, तर माझ्या मते आधी दैत्यसूदन करावं आणि सरोवर संध्याकाळी वरच्या कडेवरून बघावं. पूर्ण गोल एका नजरेत येतो तो तिथूनच.