‘ईव्हनिंग विंड’ लावावं की ‘ईस्ट साइड इंटिरिअर’?

घरात अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून कागदावर उठवलेलं चित्र, लावायचं आहे, अर्थात छापील प्रत, आणि घोडं या दोन चित्रांपाशी अडलंय, असं समजून लिहितो. ‘ईव्हनिंग विंड’ १९२१चं, ‘ईस्ट साइड इंटिरिअर’ १९२२चं. दोन्हींत न्यूयॉर्कमधली एक खोली, एकटी बाई आणि खिडकी. कागदावर वाचलं तर एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या वाटाव्यात. रोज बघायला मात्र फार निराळी.

‘ईव्हनिंग विंड’मध्ये विवस्त्र तरुणी पलंगावर चढतेय. तेवढ्यात वाऱ्याने पडदा आत फुगतो आणि ती खिडकीकडे वळते. चेहरा केसांआड गेलाय. चित्राचा जीव त्या खिडकीत आहे, आणि तिथे हॉपरने जवळजवळ काहीच काढलेलं नाही. एचिंगमध्ये पांढरा रंग नसतोच. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईच्या रेघा, मग आम्ल. आम्लाने खाल्लेल्या खाचांत शाई भरून ठसा उठवायचा. जिथे रेघ नाही तिथे कोरा कागद उरतो. इथे बाहेरचं सगळं जग म्हणजे कोरा कागद. पहिल्या नजरेत हे चित्र जिंकतं, यात वाद नाही.

‘ईस्ट साइड इंटिरिअर’ला वेळ द्यावा लागतो. शिवणयंत्रापाशी बसलेली बाई काम थांबवून खिडकीबाहेर बघतेय. बाहेर काय झालं? भांडण, हाक, ओळखीची पावलं? कळत नाही. पायाचं मशीन असलेल्या घरात जे वाढले, त्यांना तो क्षण सांगायला नको: मशीनचा आवाज बंद पडला की घरातले सगळे मान वर करायचे. मागची खोली आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत बुडालेली आहे. त्या अंधारातल्या वस्तू एकेक करून सापडतात, निदान मला तरी पहिल्याच दिवशी सगळ्या दिसल्या नव्हत्या. गरिबांच्या व्यथेवर भाष्य करायचा आपला हेतू नव्हता, न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागातून फिरताना रस्त्यावरून ओझरत्या दिसलेल्या खोल्यांच्या आठवणींतून हे रचलं, असं हॉपरनेच सांगितलं होतं. मला ते पटतं. दया मागणारं चित्र भिंतीवर फार दिवस सोसवत नाही.

या चित्राला १९२३ साली शिकागोत आणि लॉस एंजेलिसमध्ये बक्षिसं मिळाली. हॉपर तेव्हा चाळिशीत. १९१३च्या ‘आर्मरी शो’ या न्यूयॉर्कमधल्या आधुनिक कलेच्या मोठ्या प्रदर्शनात एक तैलचित्र २५० डॉलरला गेलं, त्यानंतर दहा वर्षं दुसरं विकलं गेलं नव्हतं. पोटासाठी मासिकांची चित्रं काढायचा. १९१५मध्ये मार्टिन लुईस या एचिंग करणाऱ्या चित्रकाराच्या मदतीने एचिंग सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ७० पत्रे कोरले. लोकांनी त्याला चित्रकार म्हणून ओळखायला सुरुवात केली ती या छोट्या कागदांमुळे.

माझं मत ‘ईस्ट साइड इंटिरिअर’ला. ‘ईव्हनिंग विंड’ एका झुळुकेचं चित्र आहे. झुळूक लक्षात राहते, पण दिवाणखान्यात वर्षभर तीच ती झुळूक पुरत नाही. शिवाय, उगाच लपवाछपवी नको, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांत नग्न चित्रावरून कुजबुज होणार असेल आणि त्याचा तुम्हाला त्रास होणार असेल, तर आत्ताच ठरवा. झोपायच्या खोलीसाठी, पलंगावरून दिसेल अशा भिंतीसाठी हवं असेल, तर मात्र मी बेलाशक ‘ईव्हनिंग विंड’ घेईन.

आकाराचं दोघांनाही लागू. ‘ईव्हनिंग विंड’चा पत्रा साधारण १७.५ बाय २१ सेंटीमीटर, दुसऱ्याचा २० बाय २५. दुकानदार पोस्टर काढून देतो म्हणेल, ऐकू नका. मोठ्या आकारात त्या बारीक रेघा तारेच्या जाळीसारख्या दिसतात आणि अंधार विरतो. मूळ आकारात घ्या, भोवती रुंद कोरा माऊंट सोडा. पिवळसर ‘अँटिक’ कागद नको. हॉपर स्वतः मिळेल तितका पांढरा कागद आणि मिळेल तितकी काळी शाई शोधायचा. आणि तुमच्या घरातल्या खिडकीच्या अगदी समोर टांगू नका. काचेत तुमचीच खिडकी दिसेल, त्याची नाही.