फॅमिली ट्रीचं ॲप: ट्री झकास, तारखांच्या नावाने बोंब (५ पैकी ३ स्टार)

बहिणीच्या सासरची मंडळी मूळची इंग्लंडची, त्यांची वंशावळ काढायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि त्यासाठी गेले आठ महिने हे ॲप वापरतोय. नाव मुद्दाम देत नाही. ट्री बनवायला एकदम सोप्पं आहे, जुन्या रजिस्टरचे फोटो जोडता येतात, सर्चही फास्ट. तीन स्टार त्याचेच.

वाट लागते ती १७५२ च्या मागे गेलं की.

एका पूर्वजाचं मृत्युपत्र नोव्हेंबर १७२१ चं आणि दफनाची नोंद जानेवारी १७२१ ची. ॲपने लगेच लाल त्रिकोण दाखवला, मेल्यावर मृत्युपत्र कसं केलं म्हणून. मला वाटलं एकाच नावाचे दोघं असणार, काका-पुतण्या वगैरे, दोन रात्री शोधत बसलो आणि शेवटी ट्रीला एक आख्खी एक्स्ट्रा फांदी लावून मोकळा झालो. नंतर डोक्यात प्रकाश पडला की तेव्हा इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे १७२१ चा जानेवारी हा १७२१ च्या नोव्हेंबरच्या नंतर येतो, आपल्या हिशोबाने तो १७२२. माणूस एकच, मृत्युपत्र करून दोन महिन्यांनी गेला बिचारा, सगळं रीतसर.

आता यात ॲपचा दोष काय, तर त्यात ‘जुनी तारीख आपोआप बदला’ असं बटण आहे (म्हणजे जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आजच्या ग्रेगोरियनमध्ये आणायची) आणि मी ते चालू ठेवलं होतं. इंग्लंडच्या कायद्याने बदल दोन केले होते: १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार आणला, आणि १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू केलं (त्यामुळे १७५१ साल फक्त २८२ दिवसांचं). ॲपवाल्यांना ११ दिवस तेवढे माहीत, वर्षाचं कोणी सांगितलंच नाही वाटतं. जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख टाकून बघितली, जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१, तर उत्तर आलं २२ फेब्रुवारी १७३१. बरोबर आहे १७३२. अहो दिवस चुकले तर फार काही बिघडत नाही, वर्ष चुकलं की मूल आईबापाच्या लग्नाआधीच जन्माला येतं! आणि १६५० च्या तारखेलाही हे ११ च दिवस जोडतं, तेव्हा दोन कॅलेंडरांमधला फरक १० चा होता.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर, तुमची तारीख चुकीची असेल. परत लिहिलं, मग महिन्याभराने अपडेट आला आणि वर्षाचा घोळ सुटला, पण आगीतून फुफाट्यात, कारण आता ते स्कॉटलंडलाही तोच नियम लावतं. तिथे १६०० पासूनच वर्ष १ जानेवारीला लागतंय, त्यामुळे फेब्रुवारी १६९० चा बाप्तिस्मा उगाच १६९१ मध्ये गेला. त्यात रजिस्टरमधल्या नोंदींची ऑनलाइन यादी (इंडेक्स) बनवणाऱ्याने वर्ष आधीच सुधारून टाकलेलं असेल तर ॲप ते अजून एकदा पुढे ढकलतं, म्हणून मूळ पानाचा फोटो उघडून बघितल्याशिवाय मी आता काहीच भरत नाही.

टाइमपास म्हणून ७ सप्टेंबर १७५२, इंग्लंड, टाकून बघितलं, जो दिवस तिथे उगवलाच नाही, ते गुपचूप घेतलं. ३० फेब्रुवारी १७१२, स्वीडन, टाकलं तर म्हणे अशी तारीख नसते. होती हो! नव्या कॅलेंडरकडे जायचं म्हणून १७०० साली त्यांनी लीप दिवस गाळला होता, मग बेत फिरला आणि जुन्या कॅलेंडरवर परत यायला एक दिवस जास्तीचा घातला.

सध्या बटण बंद ठेवून वापरतोय. तारीख रजिस्टरमध्ये आहे तशीच टाकायची आणि जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर वर्ष १७२१/२२ असं लिहायचं, ॲप ते घेतं. पण फाइल एक्सपोर्ट केली की शेवटचे दोन आकडे गायब. गेडकॉममध्ये (वंशावळीच्या फाइलचा नेहमीचा फॉरमॅट) असं दुहेरी वर्ष लिहायची सोय आहे, हेच खाऊन टाकतं.

ती एक्स्ट्रा फांदी ॲपमधून काढली. पण तोवर बहिणीच्या सासूबाईंनी आख्ख्या ट्रीची प्रिंट फ्रेम करून भिंतीवर लावलीय, आलेल्यागेलेल्याला तो काका कौतुकाने दाखवतात, आणि मी अजून त्यांना काही बोललेलो नाही.