गुंतवणूक विश्लेषण आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन: एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे परीक्षण

या अभ्यासक्रमाचे खरे बळ जोखमीच्या मांडणीत आहे. एखादा शेअर एकटा किती चढउतार करतो यापेक्षा तो इतर शेअरांच्या सोबतीने कसा हलतो हे अधिक महत्त्वाचे, हा अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेला विचार येथे नुसत्या सूत्रातून न सांगता स्प्रेडशीटवर स्वतः पडताळून पाहायला लावतात. ३० शेअरांच्या ४३५ जोड्यांचे कोव्हेरियन्स (दोन शेअर एकमेकांसोबत कसे हलतात याचे माप) काढले, तेव्हा विविधीकरणाचा, म्हणजे पैसा वेगवेगळ्या शेअरांत विभागण्याचा, अर्थ मला प्रथमच नीट उमगला. बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो याचे माप) आणि शार्प गुणोत्तर (जोखमीच्या मानाने मिळालेला जादा परतावा) हेही उत्तम शिकवले. रोख्यांचा भाग मात्र घाईत उरकला, याची खंत वाटते. व्याजदर वाढले की रोख्याची किंमत घसरते एवढ्यावर न थांबता ड्युरेशनला (व्याजदर बदलले की रोख्याची किंमत किती बदलते याच्या मापाला) आणखी दोन तासिका द्यायला हव्या होत्या. संख्याशास्त्र कच्चे असलेल्यांनी आधी ते पक्के करून मगच प्रवेश घ्यावा.